खोऱ्यातल्या बारा रायफली

मंगळवार, ८ ऑक्टोबर

नेमबाज मंडळाच्या सचिवाचं पत्र आलं. मंडळाला दीडशे वर्षं पुरी होतात, म्हणून चार डिसेंबरला, सेंट बार्बराच्या सणाला, माझ्या बारा रायफली नेमबाजीच्या घरात मांडायच्या ठरल्या आहेत. पत्रात ‘श्रीमती फिलोमेना बेत्शार्ट यांचा छंद’ असे शब्द आहेत. छंद काडेपेट्यांची चित्रं जमवणाऱ्याला असतो. मी चौतीस वर्षं सरकारी शस्त्रागारात चामड्याच्या कामावर काढली. या प्रांतातल्या निम्म्या सैनिकांच्या खांद्यावरचा पट्टा माझ्या टाक्यांचा होता. मग शस्त्रागार बंद झालं आणि जुन्या रायफली जगभर विकल्या गेल्या. त्यातल्या आपल्या खोऱ्यातल्या माणसांच्या तेवढ्या मी पंधरा वर्षं बाजारा-बाजारांतून हुडकून घरी आणल्या. याला छंद म्हणतात?

प्रदर्शनाच्या पाटीवर काय लिहायचं, असं सचिवानं विचारलं आहे. तो बँकेत कारकून, त्याला कुठून कळणार. मी लिहून पाठवलं: प्रत्येक रायफलीचा क्रमांक तीन ठिकाणी ठोकलेला असतो, नळीच्या बुडाशी, मागच्या सरकत्या दांड्यावर म्हणजे बोल्टवर, आणि काडतुसांच्या पेटीवर म्हणजे मॅगझिनवर. तिन्ही एक असतील तर रायफल सच्ची. लाकडी दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडली की आत ज्याची रायफल त्या सैनिकाची चिठ्ठी सापडते. नाव, तुकडी, गाव. क्रमांक जुळत नसतील किंवा चिठ्ठी नसेल तर मी रायफल उंबऱ्याच्या आत घेतलेली नाही. बाराच्या बारा सच्च्या आहेत.

शेवटचं वाक्य अधोरेखित केलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

माइनराड आला. दर गुरुवारी दोनला येतो. शस्त्रागारात तो रायफलींचा मिस्त्री होता आणि गुरुवारी दोनला त्याच्याकडचे फाटके पट्टे माझ्या टेबलावर यायचे. नोकरी गेली, पट्टे गेले, गुरुवार राहिला. तो एकोणऐंशीचा, मी त्र्याहत्तरची. त्याची बायको जाऊन वीस वर्षं झाली, मी लग्नच केलं नाही. गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं आणि गाव कंटाळलं.

आज सातव्या रायफलीच्या दस्त्यावरचे खड्डे काढले. ओलं फडकं, वर गरम इस्त्री. वाफेनं लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, तेही बोटानं, थेंबाथेंबानं.

“रंधा मार, मेना. आरशासारखा चकाकेल,” माइनराड म्हणाला. मला चिडवायला दर वेळी हेच.

“तुझ्या टकलावर मारते आधी.”

“परवा एक जर्मन मला म्हणाला, तुमच्या सगळ्या रायफलींचे दस्ते खालच्या अंगाला उंदरांनी कुरतडलेत.”

“त्याला सांग, उंदीर नव्हे. घाटात पहारा करणारी माणसं होती. बुटाखालचा बर्फ दस्त्यानं ठोकून काढायची.”

ते खालचे मार मी कधीच काढत नाही. ते त्या माणसांचे आहेत.

जाताना त्यानं विचारलं, इस्त्री बंद केलीस ना. केली म्हटलं. तरी परत आत जाऊन बघून आला. लग्न केलं असतं तर हा जाच रोज सोसावा लागला असता.

शनिवार, १९ ऑक्टोबर

माझ्या घरात कुणीतरी शिरतं आहे.

क्रमांक उतरवून घ्यायला बसले. पहिली रायफल कास्पार हाइन्झरची, तो कुरणावरचा गुराखी. नळीवर एक क्रमांक, बोल्टवर दुसरा. तो बोल्ट चौथीचा निघाला, म्हणजे डोमिनिक शेलबर्ट पोस्टमनच्या रायफलीचा. चौथीत नववीचा. नववीत पहिलीचा. या जातीच्या रायफलीत कुठलाही बोल्ट कुठेही सरकन बसतो, म्हणून हे पाप करायला सोपं. बघणाऱ्याला काही कळत नाही. ज्यांना कळेल अशी दोनच माणसं या खोऱ्यात आहेत, मी आणि माइनराड.

मी एका वेळी एकच बोल्ट काढते. पुसते, परत बसवते, मगच दुसऱ्याला हात लावते. पंधरा वर्षांत चुकले नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्यात. हाइन्झरच्या नावाखाली शेलबर्टचा बोल्ट ठेवणं म्हणजे थडग्यावरचे दगड बदलण्यासारखं आहे. तीन तास बसून सगळं जागच्या जागी लावलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

कुलूपवाल्याला बोलावलं. तो रायफलींच्या खोलीच्या दाराशी वाकला आणि तसाच राहिला.

“बेत्शार्टबाई, हे कुलूप मी गेल्याच महिन्यात बसवलंय. बघा, स्क्रूवर अजून ओरखडा नाही.”

“मग गेल्या महिन्यात कच्चं बसवलंस. आता पक्कं बसव.”

“तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.”

हल्ली कारागिरांना काम नको, गप्पा हव्यात. शेवटी बसवलं. किल्ली एकच आहे आणि तिची नक्कल होत नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं, मी बहिरी असल्यासारखं. किल्ली काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातली, मेरीमातेच्या पदकाशेजारी.

दुपारी खोली उघडली तर टेबलावरच्या हिरव्या कापडावर पाच बोल्ट, तेल लावून ओळीत मांडलेले. मी तर सकाळपासून स्वैपाकघरात होते.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

माइनराडला काही सांगितलं नाही. तो आला, मी खोली उघडून दिली आणि कॉफी करायला गेले. तो गेल्यावर तपासलं. बाराही जुळतात. काल चार चुकलेल्या होत्या, हे मी मागच्या पानावर लिहायला विसरले, पण चार होत्या. चोराला संशय आला की तो वस्तू परत ठेवतो. लहानपणी सिस्टर इमाकुलाटाच्या वर्गात माझी जपमाळ अशीच परत आली होती.

पण माइनराड? पन्नास वर्षांचा सहवास आहे. नाव लिहायलाही लाज वाटते.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. रोसालियाबरोबर आईवडिलांच्या थडग्यावर दिवे लावले. माझी धाकटी बहीण सत्तरीची झाली तरी टोपी घालून यायचं तिला कळत नाही. मग घरी येऊन तिनं उगाच कपाटं उघडली.

“ताई, जवसाच्या तेलाच्या अकरा बाटल्या कशाला गं?”

“लाकूड तेल पितं.”

“आणि टेबलावर हा इस्त्रीचा डाग? लाकूड पार कोळसा झालंय.”

“जुना आहे.”

“गेल्या वेळी नव्हता. ताई, रविवारी तू मला तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा एकच विचारलंस.”

“तू उत्तर धड दिलं असतंस तर एकदाच केला असता.”

ती हसली नाही. पूर्वी हसायची. मला म्हणते, डॉक्टरकडे जाऊ या, सोबत मी येते. गुडघ्यासाठी असेल. माझा गुडघा ठीक आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सापडला.

सकाळी तपासलं तेव्हा पहिली आणि चौथी पुन्हा बदललेली होती. त्यांना हात लावला नाही. दोनला माइनराड आला. खोली उघडून दिली, कॉफीचं पाणी ठेवते म्हणाले आणि ठेवलं नाही. दाराआड उभी राहिले. पाच मिनिटांनी आत गेले तर त्याच्या दोन हातांत दोन बोल्ट. चष्मा कपाळावर, क्रमांक डोळ्यांजवळ धरून वाचत होता.

“हे काय चाललंय?”

त्यानं बोल्ट टेबलावरच्या फडक्यावर ठेवले.

“माइनराड, मी विचारते आहे.”

“तेल देत होतो.”

“कोरड्या फडक्यानं?”

त्यानं फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चोरी पकडल्यावर माणूस मान खाली घालतो. हा माझ्याकडे पाहत राहिला.

“म्हणजे अदलाबदल करणारा तू.”

“मेना, बस जरा. खाली बस.”

“हो की नाही, तेवढं सांग. ज्याला लपवायचं असतं तोच लांबण लावतो.”

“हो,” तो म्हणाला. “मीच.”

“का?”

उभा जन्म रायफलींत गेलेला माणूस छताकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, “हेवा वाटला. तुझ्या सगळ्या जुळतात.”

त्याच्याकडे एकच रायफल आहे, त्याची स्वतःची, नोकरीतून सुटताना सैन्यानं दिलेली, आणि तिचे क्रमांक जुळतात हे मला ठाऊक आहे. खोटं बोलायचं तर तेही त्याला धड जमलं नाही.

माझ्या देखत त्याला दोन्ही बोल्ट जागेवर लावायला लावले. मग भिंग घेऊन बाराही तपासल्या. सगळ्या जुळल्या. कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. त्याला म्हटलं, या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.

दारात टोपी घालता घालता म्हणतो, “इस्त्री बंद कर, मेना.”

चोर तो चोर, वर शिरजोर.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बसनं खाली जाऊन पोलीस चौकीत तक्रार दिली. हवालदार त्सेंडर चाळिशीचा आहे, शांत आहे, माइनराडच्या हाताखाली नेमबाजी शिकला.

“माइनराड ग्वेर्डर? आमच्या नेमबाजीच्या घराच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात, तो?”

“तोच. त्यानं कबूल केलंय.”

“चोरीला काय गेलं, बेत्शार्टबाई?”

“काही गेलं नाही. सगळं घरातच आहे, पण जागा बदललेली.”

त्यानं पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. बुधवारी येतो म्हणाला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

हवालदार आला. आधी विचारलं, आज वार कोणता, घरी आणखी कोण असतं, सकाळी काय खाल्लं. मी म्हटलं, मी तक्रार करते आहे की परीक्षा देते आहे? त्यानं माफी मागितली. रीतभात आहे.

यादी करायची होती. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. वही ओढून घेतली आणि स्वतः लिहिली: रायफल क्रमांक, बोल्ट क्रमांक, मॅगझिन क्रमांक, चिठ्ठीवरचं नाव. तिसऱ्या रायफलीला बोल्ट दुसरा. पाचवीला दुसरा. एकूण पाच ठिकाणी चूक. गुरुवारी मी भिंग घेऊन तपासल्या होत्या, तेव्हा बाराही बरोबर होत्या.

“बघितलंत?” मी म्हटलं. “मी हाकलल्यावरही येऊन गेला.”

“किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्या गळ्यात.”

“दुसरी?”

“नाही. नक्कल होत नाही.”

त्यानं यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग म्हणाला, “बेत्शार्टबाई, रायफली मी पुरावा म्हणून घेऊन जातो. तुमची हरकत?”

“हरकत कसली? न्यायलाच हव्यात.”

घोंगड्यांत गुंडाळून नेल्या, पट्टे, संगिनी, म्यानं, नळीची टोपणं सगळ्यासकट. एकही दुसरीवर आपटू दिली नाही. यादीची प्रत मला दिली. क्रमांकाचं महत्त्व जाणणारं एक तरी माणूस भेटलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

प्रांताच्या कचेरीतून पत्र. रायफली ताब्यात ठेवल्या आहेत. अमुक डॉक्टरांकडून माझी तपासणी होऊन त्यांचा दाखला येईपर्यंत परत मिळणार नाहीत. चोरी माइनराडनं करायची आणि डॉक्टरकडे मी जायचं. तीन पानी उत्तर लिहिलं. टाकायला गेले तर पोस्टातली मुलगी म्हणाली, हेच पाकीट काल टाकलंत.

सचिवाचाही फोन आला. प्रदर्शन रद्द. मधल्या टेबलावर जुने चषक मांडतील. माइनराडनं मंडळाच्या किल्ल्या परत दिल्या म्हणे, एकेचाळीस वर्षांनी. “कुणी मागितल्या नव्हत्या,” सचिव म्हणाला. “स्वतःच आणून ठेवल्या. बोलला काही नाही.”

बोलणार काय.

बुधवार, ४ डिसेंबर

सण. गेले नसते तर मीच गुन्हेगार असं झालं असतं, म्हणून गेले. मधल्या टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर चषक, एकालाही धड चकाकी नाही.

माइनराड शेगडीजवळच्या टेबलाशी एकटा. पत्त्यांचे डाव सगळीकडे रंगले होते. त्याच्याकडे चौथा भिडू तर सोडाच, दुसराही बसला नाही. लाकूडवाला जाता जाता म्हणाला, “माइनराड, आमची काडतुसं मोजून ठेवलीत रे.” सगळे हसले. माइनराडही हसला, पेला हातात फिरवत.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, पूर्वी चामड्याच्या खोलीच्या दारातून हलवायचा तशी, काम झालं का असं विचारल्यासारखी.

न्याय झाला की मन हलकं होतं असं सिस्टर म्हणायच्या. माझं सूप निवून गेलं. दमले असेन.

सोमवार, ९ डिसेंबर

रोसालिया आली. कोट न काढताच बोलायला लागली.

“ताई, माइनराडनं काही केलेलं नाही.”

“त्यानं कबूल केलंय.”

“तुझ्यासाठी केलंय गं. उन्हाळ्यापासून तो दर गुरुवारी तुझे बोल्ट जागेवर लावतोय. मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, तिला कळू देऊ नका, तिचा जीव आहे त्या रायफलींत.”

“तेरा नोव्हेंबरला पाच चुकलेल्या होत्या. तेव्हा त्याला मी घरातून काढलेलं होतं. तो लपून आला.”

“आठ ते पंधरा तो बाझेलला लेकीकडे होता. हवालदारानं फोन केला तो तिथंच.”

तिला जा म्हणाले. ती गेली, रडत. मग ड्रॉवरमधून यादी काढली.

शाळेत शिकवलंय तसं, ओळीनं लिहिते. सात तारखेला बाराही बरोबर होत्या, मी स्वतः पाहिल्या. किल्ली एक. ती माझ्या गळ्यात. नक्कल होत नाही. तो बाझेलला. तेराला पाच चुकीच्या, आणि यादी माझ्या अक्षरात.

तीनदा वाचलं. तिसरा माणूस कुठेही बसत नाही.

म्हणजे मी.

हिरव्या कापडावर ओळीत मांडलेले ते बोल्ट माझेच. तेलाच्या बाटल्या माझ्या. कुलूपवाला खरं सांगत होता. आणि तो त्या शेगडीशी एकटा बसला होता, हसत होता.

माइनराडला फोन केला. “गुरुवारी ये,” एवढंच म्हणाले. “मला तुझी माफी मागायची आहे.” तो म्हणाला, “माफी राहू दे, मेना. कॉफी कर.”

गुरुवारी आधी माफी मागायची. मग दोघांनी मिळून सचिवाकडे जायचं आणि मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगायचं. मग हवालदाराकडे. रायफली परत नाही मिळाल्या तरी चालेल, पण त्याचं नाव साफ झालं पाहिजे. हे विसरायचं नाही. पान दुमडून ठेवते.

गुरुवार, १२ डिसेंबर

बर्फ पडतो आहे. या वहीचं एक पान कुणीतरी कोपऱ्यात दुमडलं होतं. असलं करणाऱ्या मुलींना सिस्टर व्हरांड्यात उभं करायच्या. सरळ केलं आणि वर जाड प्रार्थनापुस्तक ठेवलं.

रायफलींची खोली उघडली. भिंत रिकामी. बारा खुंट्या, बाकी काही नाही. पट्टेसुद्धा नेलेत.

दोनला घंटा वाजली. माइनराड दारात, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट, हातात नासपतीचा गोड पाव. निर्लज्जपणाची हद्द झाली.

“मेना, आलो,” म्हणाला. “फोन केला होतास ना.”

“मी चोरांना फोन करत नाही. माझ्या रायफली कुठे आहेत?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. टोपीवर बर्फ साचत होता, तो झटकलाही नाही.

“माझ्याकडे आहेत,” म्हणाला.

“बाराही?”

“बाराही. आणून देतो.”

“केव्हा?”

“गुरुवारी.”

दार लावलं. निदान कबूल तरी केलं. पुढच्या गुरुवारी दोनला आणल्या नाहीत, तर पोलिसांत जाणार आहे.